सुगंधी तेल, यंत्राचे तेल आणि कातडीचा कर्करोग



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा चालकांनी आम्हाला विषय सुचविला होता तो कामगार चळवळीच्या इतिहासाचा. आम्ही तो बदलून मागितला. चालकांना नवल वाटले. कामगारांच्या सभेत भाषणे करणाऱ्या माणसाने औषधी तेलांवर काय बोलावे, असे कोणालाही वाटेल. शिवाय आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही आहे ते वाचनालयांतले, संघटनेच्या कचेरीतले, आणि ज्यांना कळते त्यांना वारंवार विचारून गोळा केलेले. तेव्हा विषय का बदलला, ते आधी सांगणे आमच्यावर येते.

आपल्या लोणी-धामणीच्या या कोरडवाहू पट्ट्यातून पूर्वीची माणसे मुंबईला गेली. कोणी डबे वाहिले, कोणी गिरणीत शिरले. पुढची पिढी भोसरी, चाकण, रांजणगावकडे वळली. त्या पिढीतले एक गृहस्थ तीस वर्षे एका कारखान्यात लेथवर उभे राहून निवृत्त झाले आणि गावी येऊन राहिले. आमच्या संघटनेचे ते जुने सभासद. आम्ही त्यांना दादा म्हणतो. सहज भेटायला गेलो तर त्यांच्या उजव्या हाताला, मनगटाच्या वर, फडके बांधलेले.

"दादा, हे कधीपासून?"

"दिवाळीपासून असंल. खपली धरती, निघती. तेल लावतोय ना भाऊ."

दिवाळी होऊन सात महिने झाले होते. तेलाची बाटली त्यांनी आतून आणून दाखविली. वर छापील चिठ्ठी : चंदन, गवती चहा, टी ट्री, सर्व नैसर्गिक. खाली बारीक अक्षरात, त्वचेच्या गाठी व जुनाट जखमांवर गुणकारी. पाहुण्यातल्या एका मुलाने ती आणून दिली होती आणि परदेशात या तेलाने कातडीचा कर्करोग बरा होतो, शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले आहे, असे सांगितले होते. मुलगा खोटे बोलत होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याने कुठेतरी अर्धे वाक्य वाचले होते. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग शोधण्यात आमचे वर्ष गेले, आणि तोच आजचा विषय.

प्रथम तेल म्हणजे काय ते पाहू. आपण घाण्यावर काढतो ते करडईचे किंवा भुईमुगाचे तेल वेगळे. ते बियांतला स्निग्ध अंश होय. कागदावर पडले तर डाग राहतो. सुगंधी तेल हे पान, फूल, साल, खोड यांतून वाफेच्या साहाय्याने काढतात, आणि ते उडून जाते. भांड्यात पाणी आणि गवत घालून खाली जाळ करायचा, निघालेली वाफ नळीतून थंड पाण्यात बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यात न्यायची. तेथे पाण्यावर तेल तरंगते. बांधावरच्या गवती चहाचे पान चुरगाळल्यावर नाकाला जे झोंबते ते हेच.

या धंद्याचा मोठा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. खानदेशात नंदुरबार, तळोदा, पिंपळनेर या मुलखात डोंगरउतारांवर रोशा नावाचे गवत माजते. आपल्याकडे त्याला तिखाडी किंवा रोहिष असेही म्हणतात. त्याच्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत, कारण वाफ थंड करायला वाहते पाणी हवे. निघालेले रोशेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई. तेथे त्याचे काय करीत, तर गुलाबाच्या अत्तरात मिसळीत! दोघांचा वास इतका जवळचा. युरोपच्या व्यापाऱ्यांनी तर त्याला तुर्की तेल असेच नाव देऊन टाकले होते. खानदेशात गवत कापून भारा वाहणाऱ्याला आपण इस्तंबूलच्या गुलाबात भर घालीत आहोत याची कल्पनाही नसेल. पुढे १८७१ साली ऑस्कर जेकबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेल्या याच प्रकारच्या गवताच्या तेलातून एक द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव जिरॅनिऑल. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे; ते पुन्हा येणार आहे.

रोशेल आपल्याकडे सांधेदुखीवर चोळीत, खरजेवर लावीत. घरगुती औषध म्हणून त्याला मान होता, आणि तो गैर होता असे आम्हाला वाटत नाही. परंतु खरूज निराळी आणि कर्करोग निराळा.

आता दुसऱ्या तेलाकडे वळू. कातडीच्या कर्करोगाचा इतिहास हा फार मोठ्या अंशी श्रमिकांचा इतिहास आहे, हे आम्हाला उशिरा कळले. १७७५ साली लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवले की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी आहे. चार-सहा वर्षांची पोरे अरुंद धुराड्यांतून वर चढविली जात. काजळी घामाबरोबर कातडीच्या घड्यांत बसे, आणि रोग पुढे तारुण्यात प्रकट होई. एखाद्या कर्करोगाचे कारण माणसाच्या धंद्यात सापडले, असे तेव्हा प्रथमच कोणी स्पष्टपणे दाखविले. पार्लमेंटने १७८८ साली पहिला कायदा केला. पोरे धुराड्यांत चढविण्याची चाल खरोखर बंद पाडणारा कायदा मात्र १८७५ साली आला. मध्ये किती पोरे त्या वाटेने गेली त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

लँकेशायरच्या कापडगिरण्यांची कथा आमच्या काळजाला अधिक लागते, कारण आम्ही ज्यांच्या हाताखाली चळवळ शिकलो ते गिरणीतले लोक. तेथे म्यूल नावाच्या यंत्रावर सूत कातीत. त्याचा गाडा पुढेमागे सरके, तुटलेला धागा जोडायला कामगाराला त्यावर ओणवे व्हावे लागे, आणि वेगाने फिरणाऱ्या चात्यांवरून उडालेले तेल विजारीच्या पुढच्या भागात मुरे. १९२२ साली साउदम आणि विल्सन यांनी मँचेस्टरच्या इस्पितळातील नोंदी चाळल्या. अंडकोषाच्या कर्करोगाच्या १४१ रोग्यांपैकी ६९ जण म्यूलवर काम केलेले निघाले. धुराडी साफ करणारा अवघा एक. जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलाचा हा प्रताप होता. त्या यंत्राला शुद्ध केलेले पांढरे तेलच वापरावे असा नियम १९५३ साली झाला. तोवर म्यूलचा जमाना संपत आला होता.

आपल्या देशात रिंग पद्धतीची यंत्रे लवकर आली. नागपूरच्या एम्प्रेस मिलने, म्हणजे जमशेटजी टाटांच्या गिरणीने, त्यात पुढाकार घेतला. हेतू उत्पादनाचा होता, कामगाराच्या कातडीचा नव्हे. पण रिंगवर तसे ओणवे व्हावे लागत नाही, एवढे खरे.

पॉटनंतर १४० वर्षांनी, १९१५ साली, टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोपडून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी दोन टन डांबर आटवून त्यातील गुन्हेगार द्रव्य, बेंझपायरीन, वेगळे केले. दोन टनांतून निघाले किती, तर चिमूटभर. अशा चिकाटीपुढे आम्ही नेहमीच नम्र होतो.

याच काळात मुंबईत एक गोष्ट घडत होती. लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून परळला, गिरणगावाच्या ऐन मध्यावर, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील रोगनिदानशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी डॉक्टरांना नवीन असा एक प्रश्न रोग्यांना विचारायला सुरुवात केली : तुम्ही काय नेसता, काय ओढता, काय चघळता? कमरेवर कर्करोग झालेले काही रोगी त्यांना दिसले. जन्मभर धोतर एकाच जागी करकचून बांधल्याने तेथील कातडी आधी काळवंडते, मग पांढरी पडते, चिरते, आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत तेथेच रोग धरतो. सूर्याबाईंच्या जोडीने त्यांनी १९४५ साली हे अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि धोतराचा कर्करोग हा शब्द वैद्यकाच्या ग्रंथांत गेला. समोर बसलेल्या धोतरवाल्या वडीलधाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. रोग फार विरळा आहे. मात्र कमरेवर बरी न होणारी चीर असेल तर ती डॉक्टरला दाखवावी. काश्मिरात पोटाशी शेगडी धरणाऱ्यांना असाच रोग पोटाच्या व मांडीच्या कातडीवर होतो, हे त्याआधीच ठाऊक झाले होते.

आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून होणारा कर्करोग गोऱ्यांच्या मानाने पुष्कळच कमी. आपल्याकडे तो बहुधा भाजल्याच्या जुन्या वणावर, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेवर धरतो. आणि काळ्या तिळाचा जो जहरी प्रकार आहे, तो तळपायावर येतो, जेथे कोणी पाहत नाही. परदेशातले उपाय इकडे आणताना हा फरक लोक विसरतात.

आता उंदरांकडे जाऊ. कारण त्या बाटलीवरच्या मजकुराचे मूळ तेथे आहे. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये बेरेनब्लम यांनी दाखविले की उंदराच्या कातडीला कर्करोगजनक द्रव्य अगदी अल्प लावले तर काही होत नाही, परंतु त्यानंतर तेथे जमालगोट्याचे तेल वारंवार चोपडले तर गाठी उठतात. जमालगोटा! आपल्या आजीच्या बटव्यातला, नैसर्गिक, झाडाचा. जमालगोट्याचे तेल एकटे लावले तर सहसा रोग होत नाही, पण पेरलेले बी तेच उगवून आणते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे म्हणणाऱ्याला आम्ही नेहमी हे उदाहरण देतो.

पुढे जमालगोट्यातले ते नेमके द्रव्य वेगळे झाले, आणि उंदरावर गाठी उठविण्याची ती ठरावीक रीत जगभर रूढ झाली. तीच रीत उलट कामाला लावता येते : गाठी उठविण्याआधी एखादे तेल लावून पाहायचे, आणि गाठी कमी उठतात का ते मोजायचे. अमेरिकेतील साउथ डकोटा स्टेट विद्यापीठात चंद्रधर द्विवेदी यांनी १९९७ साली चंदनाचे तेल असे लावून पाहिले. गाठी येणाऱ्या उंदरांचे प्रमाण सुमारे दोनतृतीयांशाने घटले. पुढे त्यातले सँटॅलॉल हे द्रव्य घेऊन त्यांनी काम चालविले. ऑस्ट्रेलियात टी ट्रीच्या तेलाचा लेप उंदरांच्या कातडीखालच्या गाठींवर लावून पाहिला, तेव्हा त्यांची वाढ काही काळ मंदावली. आणि आपले जिरॅनिऑल, खानदेशच्या रोशाचे! त्याचीही परीक्षा आपल्याच देशातील प्रयोगशाळांत उंदरांवर झाली, आणि गाठी कमी उठल्याचे आढळले. नळीत वाढविलेल्या कर्कपेशींवर तर अशा कितीतरी तेलांचे प्रयोग छापून आलेले आहेत. परंतु नळीतल्या पेशी रॉकेलनेही मरतात.

तेव्हा शास्त्रज्ञांनी काहीतरी सिद्ध केले आहे, हे त्या मुलाचे अर्धे वाक्य खरे. उरलेले अर्धे असे की चंदनाचे व जिरॅनिऑलचे प्रयोग रोग होऊ न देण्याचे आहेत, झालेला रोग बरा करण्याचे नव्हेत; ते उंदरांवर आहेत, आणि उंदराची कातडी पातळ असते; आणि त्यांत वापरलेल्या मोजलेल्या द्रव्याशी बाजारातल्या बाटलीचा काही संबंध असेलच असे नाही.

माणसावर कोणी पाहिले की नाही? पाहिले. संत्र्याच्या सालीतील तेलाच्या कुळातले पेरिलिल अल्कोहोल नावाचे द्रव्य मलमात घालून अॅरिझोनात उन्हाने खराब झालेल्या कातडीच्या माणसांना तीन महिने लावून पाहिले. त्याचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. मलम सोसले, गुण नाममात्र आला. संशोधकांनी तसे सरळ लिहिले. आमच्या मते हे लिहिणे चंदनाच्या उंदरांइतकेच मोलाचे आहे; पण ते कोणत्याही बाटलीवर छापले जात नाही.

वनस्पतीने कातडीच्या कर्करोगाला हात घातल्याची जी उदाहरणे खरोखर रुग्णालयापर्यंत पोहोचली, त्यांतली दोन सांगण्याजोगी आहेत. एक आपल्या बावचीचे. कोडावर बावची लावून उन्हात बसायचे, हा आपला फार जुना उपचार. त्यातल्या सोरालेनच्या कुळातले द्रव्य पोटात देऊन वर मोजका अतिनील प्रकाश सोडण्याची पद्धत १९७४ च्या सुमारास अमेरिकेत बसविली गेली. सोरायसिसला तिने उतार पडला, आणि कातडीत सुरू होणाऱ्या एका विशिष्ट रक्तपेशींच्या कर्करोगावरही तिचा उपयोग झाला. परंतु त्याच उपचाराचे पुष्कळ डोस घेतलेल्या रोग्यांत पुढे कातडीचा साधा कर्करोग वाढलेला दिसला. दुसरे उदाहरण आपल्या शेर-निवडुंगाच्या कुळातील एका चिकाळ रोपट्याचे. ऑस्ट्रेलियात लोक त्याचा चीक उन्हाच्या डागांवर लावीत. त्यातून औषध तयार झाले, २०१२ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, युरोपातही मिळाली. आणि २०२० साली युरोपच्या औषध नियंत्रकांनी ते थांबविले, कारण ज्या कर्करोगाला अडवायचे तोच लावलेल्या जागी अधिक उद्भवत असल्याची चिन्हे दिसली. लोकांच्या अनुभवातून उचललेले, कारखान्यात शुद्ध केलेले, परीक्षा पास झालेले औषध. तेही आठ वर्षांनी परत घ्यावे लागले, कारण मोजदाद चालू होती. बाटलीतल्या तेलाची अशी मोजदाद कोण करतो?

येथे सह्याद्रीतील एका झाडाचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. नरक्या. त्याच्या फुलांना घाण येते म्हणून हे नाव. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य आहे. १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी ते प्रथम एका चिनी झाडात शोधले, आणि पुढे आपल्या नरक्यातही ते सापडले. त्यापासून केलेली औषधे आतड्याच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगावर रुग्णालयांत चालतात. मग काय, पश्चिम घाटातून नरक्याची लाकडे चोरून ट्रक भरू लागले. तोडणाऱ्याला मजुरी मिळाली, माल बाहेर गेला. रोशाचीच गोष्ट पुन्हा. सुगंधी तेलांचा एवढा बोभाटा झाला, आणि खरे औषध निघाले ते नाक दाबून जवळ जावे लागणाऱ्या झाडातून, याची आम्हाला मौज वाटते.

तेल लावू नका असे सांगायला आम्ही उभे नाही. सुवासाने रोग्याचे मन हलके होत असेल, झोप लागत असेल, तर आमची हरकत नाही. मात्र ते उघड्या जखमेवर लावू नये. टी ट्रीचे तेल उघडे राहून जुने झाले की कातडीला चिडवते, हेही अनुभवाने ठरलेले आहे. आमचा राग आहे तो महिन्यांवर. कातडीचा कर्करोग डोळ्यांना दिसतो. शरीरातल्या इतर कर्करोगांच्या मानाने ही त्यात एक सोय आहे. लवकर गेले तर तुकडा काढून तपासणे आणि रोगट भाग कापून काढणे, यावर बहुतेकांचे भागते. दादांनी सात महिने तेल लावले. त्यांचा दवाखाना मंचरला होता, हाकेच्या अंतरावर म्हणा. पण तेथे गेले तर पुढे पुणे, पुण्याहून परळ, सोबतीला माणूस, त्याचा खाडा, आणि कर्करोग हा शब्द. बाटलीला यातले काही लागत नाही. तेल लावणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणत नाही. आम्हीही गुडघ्याला एक तेल लावतो.

दादांच्या हाताचा तुकडा तपासला तेव्हा रोग निघाला. कातडीबरोबर खालचा स्नायूही काढावा लागला, मांडीची कातडी तेथे लावली, काखेतल्या गाठी काढल्या. आता ते बरे आहेत. मूठ वळत नाही. दिवाळीत गेले असते तर किती कापावे लागले असते, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांनी टेबलावर बोटाने रुपयाएवढे वर्तुळ काढले.

राहिला प्रश्न यंत्राच्या तेलाचा. दादांचा हात तीस वर्षे लेथच्या तेलात होता. बाही कोपरापर्यंत भिजलेली. अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले माणसाला कर्करोग करतात, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली देऊन ठेवला आहे. डांबर व खनिज तेल यांपासून होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाला १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात स्थान मिळाले, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने कातडीचा कर्करोग सरकारला कळविण्याच्या रोगांत घातला. म्हणजे पॉटपासून सुरू झालेली वाट कागदावर आपल्या तालुक्यापर्यंत आलेली आहे. आम्ही दादांच्या वतीने अर्ज करायचे ठरविले. अर्जाला लागते ते एवढेच की त्या यंत्रावर कोणत्या सालापासून कोणते तेल वापरले. कारखान्यात जाऊन विचारले. तेथील साहेब सज्जन होते, त्यांनी चहा दिला, कपाट उघडून दाखविले. खरेदीच्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. पिपांवरची नावे कोणी उतरून ठेवली नव्हती. दादांना विचारले तर ते म्हणाले, "काळं असायचं भाऊ. नंतर नंतर पांढरं दुधावानी यायला लागलं."

तेवढेच आम्ही अर्जात लिहिले आहे. बरोबर दादांच्या दोन जुन्या सोबत्यांची निवेदने जोडली, आणि तपासणीच्या कागदाची नक्कल. सुनावणीची तारीख लागायची आहे.